तंजावरला पहिल्यांदा जाताय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाबद्दल चार ओळी छापल्या आणि त्यानंतर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की या महिन्याचं सदर पूर्ण तंजावरलाच द्यायचं ठरवलंय. बहुतेक सगळेजण पहिल्यांदाच जाणारे आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि काहींची पत्रं जागेसाठी थोडी छोटी केलीयेत.

प्रश्न : ताई, जानेवारीत आम्ही मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी अशी टूर घेतलीये. त्यात तंजावरला अर्धा दिवस आहे, सकाळी अकराला पोचायचं, मंदिर बघून जेवायचं आणि तीनला त्रिचीला निघायचं. सोबत आई आहे, वय ७२, गुडघे दुखतात. एवढा वेळ पुरेल ना? (एक वाचक, नाशिक)

नाही पुरणार, आणि खरं सांगायचं तर अकरा ते तीन ही तंजावरमधली सगळ्यात वाईट वेळ आहे. मोठ्या मंदिराचा, म्हणजे बृहदीश्वराचा, गाभारा दुपारी साधारण साडेबारा ते चार बंद असतो, म्हणजे तुम्ही अकराला उतरून चपला ठेवून रांगेत लागेपर्यंत दर्शन आटोपत आलेलं असणार, आणि नंतर अंगण बघायचं म्हटलं तर ते सगळं दगडी, अनवाणी चालायचं, जानेवारीतही दुपारी पाय भाजतात. आईंना त्या वेळेला तिथं नेऊ नका. टूरवाल्यांशी बोलून बघा, त्या रात्री मुक्काम त्रिचीऐवजी तंजावरला करता येतो का. त्रिची जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी निघालात तरी काही बिघडत नाही.

मुक्काम मिळाला तर असं करा. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास मंदिरात जा. एकामागून एक दरवाजे पार करून आत शिरलात की समोर नंदीमंडप आणि त्याच्या मागे ते विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, तेरा मजल्यांचं आणि साठ मीटरच्या वर उंच. उतरत्या उन्हात त्या ग्रॅनाइटचा रंग मधासारखा होत जातो, ते बघायला गावातली माणसंही पोराबाळांना घेऊन अंगणात बसलेली असतात. आईंना तिथेच दक्षिणेच्या बाजूला ओवरीच्या सावलीत बसवा, अंगण सपाट आहे, बसायला जागा भरपूर आहे. गाभाऱ्यापर्यंत जायला मात्र पायऱ्या चढाव्या लागतात, ते हळूहळू, हात धरून. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाला परत जा, तेव्हा गर्दी नसते आणि नक्षी, शिलालेख शांतपणे बघता येतात. जाड मोजे नक्की न्या. चपला काढायलाच लागतात पण मोजे चालतात, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला गरम खरबरीत दगडावर त्याचा खूप उपयोग होतो.

एकच देऊळ दोनदा कशाला, असं घरचे म्हणतील. तर हे देऊळ पहिल्या राजराज चोळाने बांधलं, राज्याच्या पंचविसाव्या वर्षी, म्हणजे १०१० मध्ये, शिखरावर चढवायचा सोन्याचा कलश त्याने दिला अशी नोंद तिथल्याच दगडावर आहे. तंजावर हा कावेरीचा डेल्टा, मैलोन्‌मैल भातशेती आणि गाळाची माती, जवळपास असा दगड मिळतच नाही. म्हणजे एवढा सगळा ग्रॅनाइट लांबून वाहून आणलाय. हे डोक्यात ठेवून एकदा लांबून बघा आणि एकदा जवळून, दोन वेगळी देवळं बघितल्यासारखं वाटतं.

प्रश्न : आम्ही साताऱ्याचे, इतिहासप्रेमी मित्रांचा ग्रुप आहे. आम्हाला चोळ वगैरे नको, फक्त मराठ्यांचं तंजावर बघायचंय. दोन दिवसांचा प्लॅन द्या. आणि तो मोठा मराठी शिलालेख नक्की कुठे आहे? मागच्या वर्षी आमचा एक मित्र जाऊन आला, त्याला सापडलाच नाही. (एक वाचक, सातारा)

शिलालेखाचं आधी सांगते, कारण तो न सापडणारे तुमचे मित्र एकटे नाहीत. मोठ्या मंदिराच्या अंगणाला चारी बाजूंनी ओवऱ्या आहेत. दर्शन झाल्यावर लोक नंदीपाशी फोटो काढून तसेच परत फिरतात, तसं करू नका, पूर्ण प्रदक्षिणा घाला. मागच्या बाजूला नैऋत्य कोपऱ्यात गणपतीचं देऊळ लागेल, ते आत्ताच्या रूपात मराठा काळातलं. तिथेच आसपास ओवरीत शिरून भिंतीकडे बघा, भिंतभर अक्षरं कोरलेली दिसतील, देवनागरी, आपल्याला वाचता येणारी. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये हा भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला. भाषा जुनी दरबारी मराठी, फारसी शब्द भरपूर, विरामचिन्हं नाहीत, त्यामुळे पहिली पाच मिनिटं काहीच लागत नाही. घाई करू नका, एक ओळ धरा आणि मोठ्याने वाचा, कानाला ओळखीची नावं लागायला लागतात, शहाजीराजे, शिवाजीराजे, एकोजीराजे, आणि मग हळूहळू वाक्य उलगडतं. ग्रुपने जाताय तर एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं करा. सकाळी उजेड बरा असतो. टॉर्च जवळ ठेवा, पण भिंतीला हात लावू नका, खडू-पावडर काही फासू नका.

आता तुमच्या 'फक्त मराठ्यांचं'बद्दल. माझा आग्रह आहे की असं करू नका, आणि हे मी मनापासून सांगतेय. व्यंकोजीराजे, ज्यांना तिकडे एकोजी म्हणतात, ते १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर आले तेव्हा ते मंदिर सहाशे-साडेसहाशे वर्षांचं होतं. त्याच्या आधी चोळ, मग पांड्य, मग नायक अशी राजघराणी. मराठ्यांनी तिथे १८५५ पर्यंत जे केलं त्याची थोरवी हीच की त्यांनी ते पुसलं नाही, सांभाळलं, वाढवलं. आज अंगणात दिसणारा प्रचंड एकाश्म नंदी नायकांच्या काळातला, अम्मनचं, म्हणजे देवीचं, देऊळ पांड्यांच्या काळातलं, आणि आपल्या राजांना स्वतःच्या घराण्याचा इतिहास लिहावासा वाटला तेव्हा त्यांनी तो बाहेरच्या ओवरीच्या भिंतीवर लिहिला, मुख्य विमानावरच्या चोळांच्या एका अक्षराला धक्का लावला नाही. मुख्य विमानाच्या जोत्यावर चोळांचे तमिळ लेख बघितल्याशिवाय हे समजतच नाही. त्या लेखांमध्ये राजाने काय दिलं, त्याच्या थोरल्या बहिणीने, कुंदवैने, काय दिलं, राण्यांनी काय दिलं, सगळं वजनामापासकट आहे. आणि देवळाच्या सेवेसाठी ठिकठिकाणाहून आणलेल्या सुमारे ४०० नर्तकींची यादी आहे, प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या गावच्या देवळातून आली, आणि इथे तिला कुठल्या गल्लीत कितवं घर दिलं तेही. हजार वर्षांपूर्वीच्या नाचणाऱ्या बायकांची नावं आणि घरनंबर राजाने दगडावर कोरून ठेवलेत! एखादा चांगला गाइड घेऊन ती ओळ कुठे आहे ते दाखवायला सांगा.

तुमचा प्लॅन असा करा. पहिली सकाळ पूर्ण मंदिर, आधी चोळ आणि शेवटी मराठी शिलालेख. दुपारी आराम. संध्याकाळी मंदिराला लागून शिवगंगा बाग आहे, तिथलं श्वार्ट्झ चर्च बघा, १७७९ चं. सरफोजीराजांना लहानपणी सांभाळणारे, शिकवणारे जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांचं हे चर्च, आणि राजांनी त्यांच्या स्मरणार्थ लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करून आणवलं. मृत्युशय्येवरचे गुरू आणि शेजारी राजे, असा प्रसंग आहे. एका मराठा राजाने ख्रिस्ती गुरूसाठी असं करावं, ते चर्चमध्ये आजही असावं, मला तरी हे तिथल्या सगळ्यात हलवून टाकणाऱ्या गोष्टींपैकी एक वाटतं. चर्च बंद असेल तर आजूबाजूला विचारा. दुसरा दिवस राजवाडा आणि ग्रंथालयाला, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

गाडी असेल आणि वेळ उरला तर पुन्नैनल्लूरच्या मारीअम्मनला जाऊन या, शहराबाहेर थोडंसंच आहे, त्या देवस्थानाशी व्यंकोजीराजांपासूनचा संबंध सांगतात. आणि हेही माहीत असू दे की मोठं मंदिर धरून त्या भागातल्या ८८ देवळांचं वंशपरंपरागत विश्वस्तपद आजही तंजावरच्या भोसले घराण्याकडे आहे.

प्रश्न : पुण्याहून कसं जायचं आणि कुठला महिना बेस्ट? आम्हाला दिवाळीच्या सुट्टीत जमतंय. (एक वाचक, पुणे)

दिवाळीची सुट्टी टाळता आली तर टाळा. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा तिकडे सुरू होतो, ईशान्य मान्सून, ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि डेल्टात नोव्हेंबरमध्ये कधीकधी धो धो पडतो, रस्त्यावर पाणी, गाड्या लेट. डिसेंबरची अखेर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चपासून तापायला लागतं आणि एप्रिल-मे मध्ये लहान मुलं, म्हातारी माणसं घेऊन अजिबात जाऊ नका.

फक्त जानेवारीच्या मध्यात पोंगल असतो हे लक्षात ठेवा. तेव्हा अख्खं तमिळनाडू गावी जात असतं, ट्रेन-बस फुल्ल, हॉटेलं महाग. पण तिकिटं आधी काढून ठेवली असतील तर पोंगलला जाण्यासारखं काही नाही, कारण माट्टु पोंगलच्या दिवशी, म्हणजे गुराढोरांच्या सणाला, मंदिरातल्या त्या मोठ्या नंदीला भाज्या आणि फळांनी मढवतात, वांगी, भोपळे, काकड्या, केळी, संत्री, मिठायासुद्धा. आपला बैलपोळा आठवणाऱ्या कुणालाही ते बघून भरून येईल.

जायचं म्हणाल तर पुण्याहून चेन्नई विमानाने किंवा ट्रेनने, आणि चेन्नईहून रात्रीची उळवन एक्सप्रेस, सकाळी तंजावर. दिवसा जायचं असेल तर चोळन एक्सप्रेस आहे, ती कुंभकोणमवरून जाते, खिडकीतून भातशेती बघत जाता येतं. चेन्नईत एक गोष्ट सांभाळा, आपल्याकडून जाणाऱ्या बऱ्याच गाड्या सेंट्रलला पोचतात आणि तंजावरच्या गाड्या एग्मोरच्या बाजूच्या. सेंट्रल आणि एग्मोर ही वेगळी स्टेशनं आहेत, मेट्रोने लगोलगचे स्टॉप, सामान कमी असेल तर रिक्षाची घासाघीस करत बसू नका. तुमची गाडी एग्मोरहून सुटतेय की तांबरमहून तेही तिकिटावर बघून घ्या, तांबरम बरंच लांब आहे. विमानाने थेट जवळ जायचं तर त्रिचीचा एअरपोर्ट, तिथून टॅक्सीने दीडेक तास.

हॉटेल शक्यतो मंदिर आणि रेल्वे स्टेशनच्या मधल्या भागात घ्या, पहाटे चालत मंदिरात जाता येतं. नवीन बसस्टँड शहराबाहेर आहे, तिकडे स्वस्त मिळतं म्हणून राहिलात तर रोज रिक्षात पैसे जातील.

प्रश्न : सरस्वती महाल ग्रंथालयात सामान्य माणसाला आत सोडतात का? माझ्या सासऱ्यांकडे मोडीतली काही जुनी कागदपत्रं आहेत, आमच्या घराण्यातले कुणी तंजावरला नोकरीला गेले होते असं घरात सांगतात. तिकडे काही सापडेल का? (एक वाचक, डोंबिवली)

आत सोडतात, पण ग्रंथालयाचं छोटं म्युझियम वेगळं आणि अभ्यासकांचा वाचन विभाग वेगळा. म्युझियम सगळ्यांना खुलं असतं. आठवड्याची सुट्टी आणि सरकारी सुट्ट्या असतात, दुपारी मध्ये बंदही असतं, म्हणून निघायच्या आधी फोन करून खात्री करा, एवढ्या लांब जाऊन कुलूप बघायची वेळ येऊ नये.

म्युझियम लहान आहे, धावत बघितलं तर दहा मिनिटांत संपतं आणि 'एवढंच?' म्हणत लोक बाहेर पडतात. तासभर द्या. ताडपत्रांवर इतक्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की काचेला नाक लावावं लागतं. पानांना भोकं पाडून दोरा ओवलेला आणि वरखाली लाकडी फळ्या, हेच त्यांचं बाइंडिंग. नायकांच्या काळापासूनचा हा संग्रह, पण त्याला आजचं रूप आलं ते सरफोजीराजांमुळे. १७९९ च्या तहानंतर राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, राजांच्या हातात किल्ला आणि राजवाडा एवढंच राहिलं, आणि त्या माणसाने उरलेलं आयुष्य पुस्तकं, औषधं, संगीत, छपाई यात घातलं. १८२० च्या सुमारास काशीयात्रेला गेले तेव्हाही हस्तलिखितं गोळा करत आले. राजवाड्यात देवनागरीचा छापखाना काढला, धन्वंतरी महाल नावाने औषधांचं संशोधन चालवलं, आणि डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं, प्रत्येकाच्या डोळ्याचं रंगीत चित्र काढून, ठेवून घेतली. ही चित्रं दिसली तर नीट बघा, कुणाचा मोतीबिंदू, कुणाचा सुजलेला डोळा, पापण्यांच्या केसांसकट.

मोडीचं म्हणाल तर तिथे मराठी हस्तलिखितं हजारोंनी आहेत आणि दरबारच्या मोडी दफ्तराचे रुमालच्या रुमाल. त्यातला काही भाग तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने वाचून, तमिळमध्ये उतरवून प्रसिद्धही केलाय. पण एका भेटीत जाऊन आपल्या घराण्याचं नाव सापडेल अशी आशा धरू नका. आधी सासऱ्यांकडचे कागद एखाद्या मोडी जाणकाराकडून वाचून घ्या, पुण्या-मुंबईत असे लोक आहेत, मोडीचे वर्गही चालतात. त्यातून आडनावाशिवाय आणखी काही हाताला लागतंय का बघा, हुद्दा, गाव, कुठल्या राजांची कारकीर्द, सनावळी. ते हातात आलं की ग्रंथालयाला रीतसर पत्र लिहा, काय शोधताय ते नेमकं सांगा आणि परवानगी घेऊनच जा. कागदांचे फोटो न्या, मूळ कागद प्रवासात नेऊ नका. ग्रंथालयाची स्वतःची प्रकाशनं तिथल्या विक्री काउंटरवर मिळतात, त्यात मराठी पुस्तकंही असतात, जी आपल्याकडच्या दुकानात सहसा दिसत नाहीत. सासऱ्यांसाठी तिथून एखादं घेऊन या.

राजवाड्याबद्दलही इथेच सांगते. राजस्थानातले राजवाडे डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. काही भाग पडके, काही डागडुजी झालेले, वेगवेगळ्या भागांची वेगवेगळी तिकिटं, पाट्या अपुऱ्या. पण कलादालन चुकवू नका, तिथली चोळ काळातली ब्राँझं बघितल्याशिवाय तंजावर बघितलं असं म्हणता येत नाही. तिरुवेण्काडुहून आलेला वृषभवाहन शिव शोधा, १०११ चा. एक पाय दुसऱ्यावरून सहज टाकून उभा, डोक्यावर केस पागोट्यासारखे गुंडाळलेले, त्यात साप, आणि एक हात नंदीच्या पाठीवर टेकलेला. नंदीच आता नाहीये, हरवलाय, तरी तो हात असा काही ठेवलाय की रिकाम्या जागी बैल दिसतो. मनगट किती सैल पडलंय ते बघा, बोटं बघा, मग मागे जाऊन पाठ बघा. त्याच दालनांमध्ये सरफोजीराजांचा हात जोडलेला संगमरवरी पुतळाही आहे, चँट्री या इंग्रज शिल्पकाराने केलेला.

प्रश्न : मंदिराची सावली जमिनीवर पडत नाही, वरचा दगड एकच आहे आणि ८० टनांचा आहे, सांबार हे संभाजीराजांच्या नावावरून आलं, हे सगळं खरं का? मुलाला शाळेत प्रोजेक्ट आहे. (एक वाचक, औरंगाबाद)

सावली पडते. सकाळी किंवा संध्याकाळी अंगणात उभं राहिलं की सरळ दिसते, मुलाला तिथे नेऊन स्वतः बघू द्या आणि फोटो काढून प्रोजेक्टला लावा. वरचा घुमटासारखा भाग एकाच दगडाचा असल्याचं गाइड सांगतात, पण ज्यांनी बांधकाम मोजून अभ्यासलंय त्यांच्या मते तो अनेक तुकडे जोडून केलाय. सांबाराची गोष्ट सगळीकडे सांगतात, गोड आहे, पण तिला त्या काळातला कागद किंवा लेख असा आधार दाखवलेला नाही, तेव्हा प्रोजेक्टमध्ये 'दंतकथा' असं स्पष्ट लिहायला सांगा. खरं लिहायला भरपूर आहे की! आज भरतनाट्यमचा कार्यक्रम अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत ज्या क्रमाने होतो तो बसवण्याचं श्रेय ज्या चार भावांना, तंजावर चौकडीला, दिलं जातं, ते सरफोजीराजांच्या दरबारात होते. शहाजीराजांनी, म्हणजे व्यंकोजींच्या मुलाने, सतराव्या शतकाच्या अखेरीस तंजावरात मराठी नाटकं लिहिली. तिकडच्या हरिकथेवर मराठी कीर्तनाचा ठसा आहे. यातला एकेक विषय घेतला तरी प्रोजेक्ट होईल.

प्रश्न : आमच्याकडे तंजावरसाठी तीन पूर्ण दिवस आहेत. आसपास काय बघावं? मी गाणं शिकते, मिस्टरांना शिल्पकलेची आवड. (एक वाचक, कोल्हापूर)

तुम्हा दोघांना हा भाग फार आवडणार आहे. दोन दिवस शहराला द्या आणि एक दिवस गाडी करून बाहेर पडा.

सकाळी लवकर निघून दारासुरम. कुंभकोणमच्या अलीकडे, तंजावरहून पस्तीसेक किलोमीटर. दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं देऊळ, मोठ्या मंदिरापेक्षा खूप लहान, पण नक्षी अशी की मिस्टरांना तिथून ओढून काढावं लागेल. मंडपाला दगडी चाकं आणि घोडे जोडून त्याचा रथ केलाय. दोन-अडीच तास सहज जातात. तिथून जवळ स्वामीमलै, मुरुगनच्या, म्हणजे आपल्या कार्तिकेयाच्या, सहा मुख्य स्थानांपैकी एक, आणि ब्राँझच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींचं गाव. एखाद्या कार्यशाळेत विचारून आत जा, बहुतेक जण आनंदाने दाखवतात. मेण आणि राळ एकत्र करून आधी अख्खी मूर्ती मेणात घडवतात, अंगठ्या-पैंजणांसकट, मग तिच्यावर कावेरीच्या गाळाचे थर, आधी अगदी मऊ बारीक माती, नंतर जाड. वाळल्यावर तापवलं की मेण वितळून बाहेर येतं आणि त्या पोकळीत धातू ओततात. थंड झाल्यावर साचा फोडायचा, म्हणजे प्रत्येक मूर्ती एकदाच. राजवाड्यातला तो शिव बघून झाल्यावर हे बघा, आधी नको, मग त्या मनगटाची किंमत कळते.

गंगैकोंडचोळपुरम, राजराजाच्या मुलाने, राजेंद्राने बांधलेलं, ते तंजावरहून सत्तरेक किलोमीटर आहे. बघावं असंच आहे, पण त्याच दिवशी कोंबलंत तर कशालाच न्याय मिळणार नाही. चौथा दिवस काढता आला तरच जा. ही तिन्ही मंदिरं मिळून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत, पण यादी पूर्ण करायची म्हणून धावू नका.

तुमच्यासाठी तिरुवैयारू. शहरापासून तेराएक किलोमीटर, लोकल बस सतत असतात. कावेरीच्या काठावर कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी, ते १८४७ मध्ये गेले. तिथे आज समाधीमंदिर दिसतं ते बेंगळुरू नागरत्नम्मांच्या खटपटीमुळे, स्वतःची कमाई घालून त्या बाईंनी ते बांधलं आणि त्यांची समाधीही तिथेच समोर आहे. पौष वद्य पंचमीला आराधना असते, सहसा जानेवारीत, शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पाच प्रसिद्ध रचना, पंचरत्न कृती, म्हणतात. त्या दिवशी जाणार असाल तर पहाटे पोचायला हवं, आणि राहायची सोय कितीतरी आधी करायला हवी. आराधनेचे दिवस सोडून गेलात तर तिथे जवळपास कुणी नसतं, समाधीपाशी बसून एखादी कृती म्हणा, कुणी अडवत नाही. परत येताना तिरुवैयारूतला अशोका हलवा घ्या, मुगाच्या डाळीचा, तुपात निथळणारा, गरम असतानाच खायचा.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, भाषा येत नाही, हिंदी चालते का? आणि खरेदी काय करावी, तंजावर पेंटिंग म्हणून फसवतात असं ऐकलंय. (एक वाचक, अमरावती)

खाण्याची काळजीच करू नका, शाकाहारी माणसाची तिकडे चैन असते. सकाळी इडली, पोंगल (सण नव्हे, मूगडाळ-तांदळाचा मऊ भात), वडा, दुपारी पानावरचं जेवण, ज्याला ते सापाडु म्हणतात. वाढपी वाढतच राहतो, नको असेल तर 'पोदुम' म्हणायचं. कुंभकोणमला गेलात तर इडलीसोबत कडप्पा मागा, मूगडाळ-बटाट्याचं असतं, आणि पितळी डबऱ्यातली फिल्टर कॉफी. पोळीची सवय असलेल्या मंडळींनी दोन दिवस भातावर राहायची तयारी ठेवा.

हिंदी फारशी चालत नाही, हॉटेलात आणि मोठ्या दुकानांत इंग्रजी चालतं. रिक्षावाल्याला 'बृहदीश्वर' म्हटलं तर तो गोंधळेल, 'पेरिय कोविल' म्हणा, लगेच नेईल. राजवाड्याला 'अरण्मनै'. पाणी 'तण्णी', किती झाले 'एव्वळवु'. एवढ्या चार-पाच शब्दांवर माणसं खूश होतात आणि मदतीला धावतात. आणि कुणी वयस्क माणूस तुम्हाला बोलताना ऐकून वेगळ्याच हेलाच्या मराठीत 'तुम्ही कोठले?' असं विचारू लागला तर थांबा, बोला त्यांच्याशी. तंजावरी मराठी घरात बोलणारी कुटुंबं आहेत अजून, बरीचशी चेन्नई-बंगळुरूला गेली, पण आहेत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव याच समाजातले, कुंभकोणमचे.

पेंटिंगचं सांगते. खऱ्या तंजावर चित्रात लाकडी फळीवर कापड चिकटवून त्यावर खडूची भुकटी आणि डिंकाच्या लगद्याने दागिने, कमानी उठावदार करतात, मग काचेचे खडे आणि सोन्याचा वर्ख. स्वस्तात वर्खाऐवजी सोनेरी कागद असतो, तो जास्त पिवळा चमकतो आणि काही वर्षांत काळवंडतो. दुकानदाराला वर्ख किती कॅरेटचा आहे विचारा आणि बिलावर लिहून घ्या, लिहून द्यायला का-कू केलं तर तिथून घेऊ नका. मोठं घ्यायचं असेल तर सरकारी पूम्पुहार दुकानात आधी जाऊन भावाचा अंदाज घ्या, नंतर कारागिरांकडे. बजेट कमी असेल तर मान डोलावणारी बाहुली घ्या, तलैयाट्टी बोम्मै, लहान मुलांना फार आवडते. मातीची किंवा कागदाच्या लगद्याची असते, त्यामुळे चेक-इन बॅगेत टाकू नका, कपड्यात गुंडाळून हातातल्या पिशवीतच ठेवा.